सर्व्हर पुन्हा उभा करता आला पाहिजे

2 मार्च 2024 हा शनिवार होता, तरी दलाल स्ट्रीटवरचा बाजार उघडला. सकाळी सव्वानऊ ते दहा नेहमीच्या यंत्रणेवर व्यवहार झाले. मध्ये दीड तास थांबून साडेअकरा ते साडेबारा तोच बाजार दुसऱ्या जागच्या सर्व्हरवरून चालवला गेला. या दुसऱ्या जागेला बाजारातले लोक 'डीआर साइट' म्हणतात. मुख्य केंद्र बंद पडलं तर काम उचलायला ठेवलेलं हे पर्यायी केंद्र, शक्यतो वेगळ्या भूकंप-पट्ट्यातलं. बीएसई आणि एनएसई दोघांनीही ही तालीम केली, आणि 18 मेच्या शनिवारी पुन्हा केली.

त्यामागे 24 फेब्रुवारी 2021 चा दिवस आहे. त्या दिवशी एनएसईचे व्यवहार सुमारे चार तास बंद होते, आणि पर्यायी केंद्र हाताशी असूनही काम तिकडे हलवलं गेलं नाही. पुढच्याच महिन्यात बाजाराची नियामक संस्था सेबीने मुदती आवळल्या. बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि तिथून 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम चालू करायचं.

एवढ्या वेळात शेकडो सर्व्हरची सेटिंग हाताने जुळवून होत नाही. दोन्हीकडची यंत्रं आधीपासूनच एकसारखी असावी लागतात. एकदा एकसारखी करणं सोपं आहे, ती तशी राहणं अवघड. रात्री अडचण येते, कुणीतरी एका सर्व्हरवर एक ओळ बदलतो, काम चालू होतं, सगळे झोपायला जातात. ती ओळ कुठेच नोंदलेली नसते. सहा महिन्यांत अशा वीस ओळी जमतात. या व्यवसायात याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. मुंबईत परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसांत, फोर्टातल्या सीएच्या पेढीत, चारच सर्व्हर असले तरी हेच घडतं. फरक इतकाच की तिथे तालीम घ्या म्हणून सांगायला सेबी नसते.

यावरचा उपाय जुना आहे. 1993 मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी 'सीएफइंजिन' लिहिलं. यंत्राला कामाच्या पायऱ्या सांगायच्या नाहीत, ते शेवटी कसं दिसायला हवं ते लिहायचं आणि उरलेलं साधनाने पाहायचं, हा विचार तिथून रुजला. 2005 मध्ये 'पपेट' आलं, 2009 मध्ये 'शेफ', आणि 2012 मध्ये मायकेल डीहान यांचं 'अ‍ॅन्सिबल'. हे नाव उर्सुला ले ग्विन यांच्या 1966 च्या कादंबरीतलं. ताऱ्याताऱ्यांमध्ये क्षणात निरोप पोचवणारं एक यंत्र त्यात आहे. 2015 मध्ये रेड हॅट कंपनीने अ‍ॅन्सिबल विकत घेतलं.

शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी अ‍ॅन्सिबलच सुचवेन. ज्या सर्व्हरवर काम करायचं तिथे त्याचा कुठलाही भाग बसवावा लागत नाही. एसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या सोयीने आत जाता आलं आणि तिथे पायथॉन असलं की बहुतेक कामं भागतात. पण ते चालत्या सर्व्हरवर शिकू नये. आधी मोडायला मोकळी अशी जागा घरी उभी करावी.

त्यासाठी नवं काही घ्यायला नको. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुना लॅपटॉप आणि त्यात घालायची जादा रॅम मिळते. 16 जीबी रॅम असली तर आभासी यंत्रं चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन छोटे सर्व्हर आरामात चालतात, आणि 'व्हेग्रंट' त्यांना एका आज्ञेत उभं करतं, एका आज्ञेत पाडतं. लॅपटॉपवर थेट लिनक्स घालावं. विंडोज ठेवून त्याच्या पोटातल्या लिनक्सवर, म्हणजे डब्ल्यूएसएलवर, अ‍ॅन्सिबल चालतं, पण व्हर्च्युअलबॉक्स आणि डब्ल्यूएसएल एकमेकांच्या वाटेत येतात. शिवाय विंडोजच्या फोल्डरमध्ये काम ठेवलं की फाइल सगळ्यांना लिहायला मोकळी दिसते. मग अ‍ॅन्सिबल आपली सेटिंगची फाइल वाचायचं नाकारतं आणि एसएसएच खाजगी की स्वीकारत नाही. नवखा माणूस इथे संध्याकाळभर अडकतो.

अ‍ॅन्सिबल पायथॉनच्या वेगळ्या आभासी वातावरणात बसवावं, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या पायथॉनशी भांडण होत नाही. मग एसएसएचच्या कीची जोडी तयार करायची, सार्वजनिक की तिन्ही सर्व्हरवर टाकायची, त्यांचे पत्ते 'इन्व्हेंटरी' नावाच्या फाइलमध्ये लिहायचे आणि 'पिंग' पाठवायचा. तिन्हीकडून 'पाँग' आलं की जागा तयार.

खरं शिक्षण पहिल्या प्लेबुकपासून, म्हणजे सर्व्हर कसा दिसायला हवा ते लिहिलेल्या फाइलपासून, सुरू होतं. समजा, रूट या सर्वाधिकारी खात्याला थेट आत येऊ द्यायचं नाही. साधी स्क्रिप्ट एसएसएचच्या सेटिंग फाइलच्या तळाशी तशी ओळ जोडते. दहा वेळा चालवली तर दहा ओळी. त्याहून वाईट म्हणजे ही फाइल वाचताना एसएसएच पहिली सापडलेली किंमत धरतं. वर कुठे जुनी 'हो' असेल तर तळाच्या दहा 'नाही' फुकट जातात, आणि करणाऱ्याला दार लावल्याचं समाधान मात्र मिळतं. अ‍ॅन्सिबलला आपण सांगतो की या विषयावरची ओळ शोध, ती 'नाही' कर, नसेल तरच घाल. जागी ठेवण्याआधी नवी फाइल एसएसएचकडूनच तपासून घे, आणि बदल झाला असेल तरच सेवा पुन्हा चालू कर. पहिल्यांदा प्लेबुक चालवल्यावर 'चेंज्ड'चा आकडा शून्याहून मोठा दिसतो. लगेच पुन्हा चालवल्यावर शून्य दिसायला हवं. नसेल दिसत, तर लिहिण्यात चूक आहे. इतकी स्वस्त आणि इतकी कठोर परीक्षा दुसऱ्या फार थोड्या कामांत मिळते.

फाइली पहिल्या दिवसापासून गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवाव्यात, म्हणजे रात्रीच्या त्या ओळीलाही तारीख आणि कारण लागतं. पासवर्ड 'अ‍ॅन्सिबल व्हॉल्ट'ने कुलूपबंद करावेत, आणि व्हॉल्टचा पासवर्ड गिटच्या बाहेर ठेवावा.

आणि आठवड्यातून एकदा तिन्ही सर्व्हर पाडून शून्यातून उभे करावेत, घड्याळ लावून. पहिल्या खेपेला ते सहसा अर्ध्यावर अडकतात. कधीतरी हाताने बनवलेलं एखादं खातं, बसवलेलं एखादं पॅकेज प्लेबुकमध्ये लिहायचं राहिलेलं असतं. ते लिहायचं, आणि सर्व्हर पुन्हा पाडायचे.