दुसरे आसन

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू समजला जातो. चेंडू कोणाकडे फेकायचा, याचा निर्णय क्षणार्धात त्यानेच घ्यावयाचा असतो. नेमकी हीच जागा कृष्णवर्णीय खेळाडूंना दीर्घकाळ जवळजवळ बंद होती. त्यांचे पाय वेगवान, बाहू बळकट, हे मान्य. परंतु बुद्धी आणि नेतृत्व हा गोऱ्यांचा प्रांत, असा अलिखित दंडक होता.

वॉरन मून या दंडकापुढे वाकला नाही. जानेवारी १९७८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने रोझ बाउल सामन्यात मिशिगनला २७-२० असे नमविले. सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला मून. तरीही व्यावसायिक संघांकडून त्याच्या वाट्याला आले ते जागा बदलण्याचे सल्ले. ते नाकारून त्याने कॅनडातील एडमंटनची वाट धरली. १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे त्या संघाने ग्रे कप जिंकला. अखेर १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने त्याला मायदेशी आणले, तेही क्वार्टरबॅक म्हणूनच. २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या गौरवमंदिरात स्थान मिळविणारा तो आधुनिक काळातील पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

पूर्वग्रह नेहमीच दार लावून घेतो असे नाही. पुष्कळदा तो सौजन्याने दुसरे आसन दाखवितो. ते आसन नाकारण्याचे धैर्य मूनपाशी होते. पण स्वतःची जागा मिळविण्यासाठी गुणवंताला सहा हंगाम परदेशी काढावे लागावेत, हा दोष गुणवत्तेचा नव्हे, पारख करणाऱ्यांचा होय.