बिअरची चव ओळखायची कशी? नई सडकवरच्या गच्चीवर पाच ग्लासांचा धडा

लष्कर (ग्वाल्हेर) : "काका, बिअर म्हणजे काय दारू थोडीच आहे?" पुतण्याने हे वाक्य टाकलं आणि स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "मग काय सरबत आहे का?"

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली म्हणून या भागाला लष्कर नाव पडलं. याच लष्करातल्या नई सडकवर आमच्या चुलतभावाचं जुनं घर आहे. पुतण्या चोवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला. त्याचं आणि त्याच्या मित्रांचं बिअरचं गणित सोपं आहे. बाटली मोठी, स्ट्राँग आणि बर्फासारखी थंड हवी, बस्स. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून दुकानाला लागून असलेले अहाते बंद झाले. तेव्हापासून बाटली घेऊन कोणाच्या तरी गच्चीवर जायचं, हा बऱ्याच पोरांचा शिरस्ता. पुढे गाडीवरून घरी जायचं, आणि वहिनींच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

पुण्याहून आलेल्या काकाला क्राफ्ट बिअरचं कौतुक आहे हे पुतण्याला ठाऊक होतं. "तुमच्या त्या महागड्या बिअरमध्ये असं काय असतं?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगून कळणार नाही, पाच प्रकार समोर ठेवू आणि तुलना करू. पण अट एकच. प्रत्येकाला प्रत्येक प्रकाराचे फक्त ६० मिली, आणि त्या रात्री कोणी गाडी चालवायची नाही. वहिनी म्हणाल्या, "मी पण बसते. पिणार नाही, बघणार."

आधी हिशेब, मग चव

सुरुवात कागद-पेनने केली. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड, आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. आता ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली घ्या. त्यात शुद्ध अल्कोहोल होतं ५२ मिली. व्हिस्कीत अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के असतं, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये ते १३ मिलीच्या आत-बाहेर. ५२ भागिले १३, उत्तर चार.

म्हणजे एक मोठी स्ट्राँग बाटली बरोबर चार छोटे पेग. "बिअर म्हणजे दारू थोडीच" म्हणणारी पोरं दोन बाटल्या संपवतात तेव्हा आठ पेग पोटात गेलेले असतात. पुतण्याने मोबाइलवर गुणाकार पुन्हा करून पाहिला. उत्तर तेच आलं.

आमच्या पाच प्रकारांचे ६०-६० मिली मिळून शुद्ध अल्कोहोल १७ मिलीच्या आसपास, म्हणजे छोट्या दीड पेगपेक्षाही कमी. चव घ्यायला तेवढं पुरतं.

बिअर बनते कशाची?

मूळ सामान चारच : जवाचा माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात तर पाणी, जव आणि हॉप्स एवढंच वापरायची सक्ती होती. यीस्ट काय काम करतं हे तेव्हा कळलेलंच नव्हतं.

माल्ट ही आपल्या घरांना अजिबात परकी गोष्ट नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करतात ना, तसंच जवाचं करायचं. मोड आले की धान्यातला पिठूळपणा साखरेत बदलायची तयारी होते. भाजणं हलकं ठेवलं तर रंग सोनेरी आणि वास बिस्किटासारखा. जास्त भाजलं तर कॉफी, कोको, करपल्या भाकरीकडे झुकतो. हॉप्स ही एका वेलीची फुलं. कडूपणा आणि फुला-फळांचा वास त्यांच्याकडून येतो. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल, वायू आणि वासाचे कितीतरी पदार्थ तयार करतं.

लागर प्रकारात यीस्ट थंडीत, साधारण १० अंशांच्या आसपास सावकाश काम करतं, म्हणून चव स्वच्छ, सरळ. एल प्रकारात ते २० अंशांच्या आसपास काम करतं, म्हणून फळांचे, मसाल्याचे वास जास्त. दुकानातली बहुतेक परिचित बिअर लागरच असते. तिच्यात तांदूळ, मका किंवा साखरही वापरतात. त्याने बिअर हलकी आणि स्वस्त होते.

क्राफ्ट म्हणजे काय, तर छोट्या प्रमाणावर, एका ब्रुअरच्या हाताखाली, चवीसाठी केलेली बिअर. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. नाव इंग्रजी वाटतं, पण मूळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून गोऱ्या शिपायाचं डोकं फिरलं की त्याचे सोबती म्हणत, हा 'डूलाली' झाला! पुढे पुण्या-मुंबईच्या ब्रुअऱ्यांनी आंबा, कोकम, ज्वारी अशा आपल्या मालावर प्रयोग केले आणि गोव्यातही छोट्या ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. मध्य प्रदेशात मोठे कारखाने भोपाळ-इंदूरकडे आहेत, शेजारच्या छत्तीसगडमधल्या दुर्गची सिम्बाही अनेकांनी पाहिली असेल. मात्र लेबलवर 'क्राफ्ट' छापलंय म्हणून ती चांगलीच, असं मुळीच नाही. ते ठरवायला नाक आणि जीभ लागते.

पाच ग्लास, पाच चवी

क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवला. ग्लास काचेचे, साबण आणि तेलाचा अंशही नसलेले. तेलकट ग्लासात फेस टिकत नाही. मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी आणि कोरे मुरमुरे. चिवडा, पान, गुटखा, बडीशेप बंद.

प्रत्येक ग्लासाला चार पायऱ्या : आधी रंग आणि फेस बघायचा. मग ग्लास जरा फिरवून वास घ्यायचा. मग छोटा घोट तोंडभर फिरवायचा. आणि गिळल्यावर मागे काय उरतं ते थांबून पाहायचं. कडूपणा उशिरा येतो, म्हणून घोट गिळायलाच हवा.

• माइल्ड लागर : फिकट सोनेरी, वास मंद, ताज्या पावासारखा. मागे काही फारसं उरत नाही, आणि उरावं अशी अपेक्षाही नसते.

• स्ट्राँग लागर : दिसायला जवळजवळ तशीच. पण थंडपणा जरा उतरल्यावर घशात ऊब आणि एक गोडसर, स्पिरिटसारखा झटका. पुतण्या म्हणाला, "हे तर रोजचंच आहे, पण आज वेगळं का लागतंय?" कारण रोज ती बर्फगार पितात. जीभ गारठली की तिला काही कळत नाही. माइल्ड लागर ५-७ अंशांवर, एल त्याहून थोडी उबदार आणि काळी स्टाउट १०-१२ अंशांवर घेतली की चव उघडते.

• गव्हाची बिअर : गढूळ, पांढुरकी. जर्मन पद्धतीच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते, हे सगळं यीस्टचं काम. बेल्जियन पद्धतीत मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखर घालतात.

• आयपीए : तांबूस, हॉप्स भरपूर. वास संत्र्याच्या सालीचा, घोट कारल्यासारखा कडू. नावातला 'आय' म्हणजे इंडिया. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या हॉजसनची फिकी बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येई. १८२० नंतर बर्टन गावच्या ब्रुअरांनी या व्यापारात उडी घेतली. ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली ही दंतकथा. जास्त हॉप्सची, टिकाऊ बिअर इंग्लंडात आधीपासून होती, इथल्या बाजारामुळे तिला नाव मिळालं.

• स्टाउट : काळीभोर, फेस बदामी. कॉफी, कोको, करपलेला जव. इथे मी नियम मोडला आणि शेवटी मुरैन्याच्या गजकचा तुकडा दिला. भाजलेले तीळ, गूळ आणि स्टाउट यांची जोडी अशी जमली की सगळेच एकदम गप्प झाले.

वहिनींचं नाक

गव्हाच्या बिअरच्या दोन बाटल्या होत्या, एकाच ब्रँडच्या, दोन वेगळ्या दुकानांतून आणलेल्या. वहिनींनी नुसता वास घेतला आणि दुसरी बाजूला सारली. "याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." आम्ही हसलो. मग बाटली उलटी करून तारीख पाहिली तर मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. वहिनींचं निदान पुस्तकी होतं : हवेतल्या ऑक्सिजनने जुनी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. उष्णतेत हे फार लवकर होतं. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत फ्रिजबाहेर पडून राहिलेल्या बाटलीचं काय होत असेल, सांगायला नको.

घरात रोज फोडणी देणाऱ्या माणसाचं नाक तयारच असतं. त्या नाकाला ओळखता येतील असे आणखी काही दोष :

• लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास : आंबवणं पुरतं झालेलं नाही.
• उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास : रस नीट उकळला-निववला गेला नाही.
• कच्च्या सफरचंदाचा वास : बिअर घाईने बाटलीत भरली.
• सडका, उग्र दर्प : बाटलीला ऊन लागलं. हिरव्या आणि पारदर्शक काचेत हे जास्त होतं, तपकिरी काच बचाव करते.
• सिरक्याचा आंबटपणा : मुद्दाम आंबट केलेली बिअर नसेल तर जंतूंची लागण.

यातलं काही जाणवलं तर ग्लास बाजूला ठेवा. पैसे दिलेत म्हणून संपवलीच पाहिजे असं काही नाही.

'माझा ब्रँड मी डोळे मिटून ओळखीन'

पुतण्याचा हा दावा तपासायला सोपी त्रिकोणी चाचणी आहे. तीन ग्लास. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. ओतणारा वेगळा, पिणाऱ्याला काही दिसत नाही. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. प्रत्येकी २० मिली पुरे. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकदा उत्तर बरोबर येतंच, म्हणून एकदा जिंकून उपयोग नाही. सलग तीनदा बरोबर आलं तर मानायचं, कारण नशिबाने तसं होण्याची शक्यता २७ त एक.

दोन नावाजलेल्या माइल्ड लागर घेतल्या. पुतण्या पहिल्यांदा जिंकला, पुढच्या दोन्ही वेळा हरला. त्याचे दोन्ही मित्र पहिल्याच फेरीत चुकले. वर्षानुवर्षं ज्यासाठी भांडले तो फरक मुख्यतः लेबलचा निघाला.

सीमेपलीकडच्या वाचकांसाठी

बाटलीवर अमुक राज्यातच विक्रीसाठी, असं छापलेलं असतं. दारूचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. बिअरसाठी किमान वय मध्य प्रदेशात २१, महाराष्ट्रातही २१ (कडक मद्याला २५), गोव्यात १८. गुजरातेत दारूबंदी. ग्वाल्हेरजवळच्या दतियासह मध्य प्रदेशातल्या अनेक धार्मिक ठिकाणी १ एप्रिल २०२५ पासून दुकानं बंद आहेत. गोव्यातून चंदगड किंवा बेळगावकडे येताना 'दोनच तर बाटल्या आहेत' म्हणून डिकीत टाकू नका. परवान्याशिवाय नाक्यावर सापडलात तर गुन्हा होऊ शकतो. एकाच ब्रँडची बिअर वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या कारखान्यांत बनते, त्यामुळे 'गोव्याची चव वेगळी' या म्हणण्यात तथ्य असू शकतं. ती चव गोव्यात बसूनच घ्या.

गाडीचा नियम मात्र देशभर एकच आहे. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. जे पीत नाहीत त्यांनी चवीच्या नादाने सुरू करण्याचं काही कारण नाही.

त्या रात्री स्ट्राँगची बाटली निम्म्याहून जास्त उरली. पुतण्याने ती स्वतः मोरीत ओतली. मित्र गच्चीवरच गाद्या टाकून झोपले, गाड्या खाली बोळात उभ्या. सकाळी पोह्यांच्या वेळी वहिनींनी पुतण्यापुढे कालचा हिशेबाचा कागद ठेवला. चार पेगांच्या आकड्याखाली त्यांनी पेनने जाड रेघ ओढली होती. आता तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे.