खा बाबा, तुला काय खायचं ते!

घरात तीन-चार वर्षांचं शेंडेफळ असेल, तर जेवणाच्या वेळची धामधूम तुम्हाला सांगायला नको. आजी चिऊ-काऊचे घास करतेय, आई मोबाइलवर कार्टून लावतेय आणि साहेब तोंड घट्ट मिटून बसलेत! समजा, सगळ्यांनी नाद सोडला आणि म्हटलं, "खा बाबा, तुला काय खायचं ते," तर?

अमेरिकेतल्या क्लारा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंनी नेमकं हेच करून पाहिलं. १९२६ मध्ये क्लीव्हलँड शहरात आणि पुढे शिकागोत. नुकतंच दूध सुटलेली एकूण १५ बाळं. त्यांतली काही सहा महिने, तर काही थेट साडेचार वर्षं प्रयोगात होती. यादीत ३४ पदार्थ: दूध, केळी, गाजर, बीट, पालक, बटाटा, मासे, कोंबडी, अगदी भेजा आणि कलेजीसुद्धा. नर्स चमचा धरून गप्प बसायची. बाळानं बोट दाखवलं किंवा हात पुढे केला, तरच घास. "हे खा ना," नाही की "शहाणं गं ते," नाही.

मग काय, नुसती धमाल! एकाची न्याहारी म्हणजे अर्धा लिटरभर संत्र्याचा रस आणि वर कलेजी. दुसऱ्याचं रात्रीचं जेवण अंडी, केळी आणि दूध. मीठ वेगळ्या वाटीत असे. ते तोंडात टाकून बाळं ठसकत, रडतसुद्धा, पण थुंकत नसत. वर पुन्हा वाटीकडे हात!

एका वेळचं ताट बघितलं, तर डोक्याला हात लावावा. पण कित्येक दिवसांचा हिशेब मांडला, तर तो बरोबर जुळत होता. बाळं छान वाढली. एकाला मुडदूस होता, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडली होती. त्याच्या ताटात कॉड लिव्हर ऑइलचा पेलाही ठेवला. ते वासट तेल तो आपणहून पीत राहिला आणि बरा झाल्यावर त्यानं ते सोडून दिलं.

लगेच आईला हे वाचून दाखवू नका! खरी गोम यादीत होती, हे बाईंनी स्वतःच सांगून टाकलं. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, डबाबंद काही नव्हतं. बाळांनी काहीही उचललं, तरी ते पौष्टिकच निघणार. निवड बाळांची, पण बाजार मोठ्यांनी केलेला!

कारखान्यातले पदार्थ ताटात ठेवून हाच प्रयोग पुन्हा करायचं बाईंच्या मनात होतं. पण तेवढ्यात अमेरिकेत मोठी मंदी आली, पैसे आटले आणि तो राहूनच गेला.