लिंबाने मासळी पांढरी होते, शिजत नाही

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा ‘सेविचे’ हा पदार्थ चुलीविना होतो. ताज्या समुद्री माशाचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवायचे, त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ घालायचे आणि उकडलेल्या रताळ्याबरोबर, मक्याबरोबर खायचे. २०२३ मध्ये युनेस्कोने तो अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. मोबाइलवर कृती पाहून आता आपल्या घरांतली मुलेही तो करू पाहतात. म्हणून हे लिहितो आहोत.

आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना या नावाची गंमत वाटते. स्पॅनिश अकादमीच्या कोशाप्रमाणे हा शब्द बहुधा अंदलुसच्या अरबीतून आला आणि त्याचे मूळ ‘सिकबाज’. तो शब्द फारसीचा, सिरक्याशी नाते सांगणारा. जुन्या बगदादच्या दस्तरखानावर सिकबाजला मान होता. पण ते सिरका घालून शिजवलेले गोश्त होते. आंबटपणा चवीसाठी, शिजवणे विस्तवाचे काम.

सेविचेत विस्तव नाही. दुधात लिंबू पिळले की दूध फाटते, तसेच आम्लाने माशातील प्रथिनांची घडण बदलते. तुकडा पांढरा, घट्ट होतो आणि शिजल्यासारखा दिसतो. मात्र सगळे जंतू त्याने मरत नाहीत आणि समुद्री माशांतील अ‍ॅनिसाकिससारखी कृमी लिंबाच्या रसातही जिवंत राहू शकते. १९९१ साली खुद्द पेरूत कॉलऱ्याची मोठी साथ आली, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्यानेही कच्ची मासळी टाळायला सांगितले होते.

कच्च्या खायच्या माशासाठी अमेरिकेच्या अन्न खात्याचा एक नियम आहे: उणे २० अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली सात दिवस गोठवणे. त्याने कृमी मरते, सगळे जंतू नव्हेत. आपल्या घरचा फ्रीजर बहुतेक वेळा उणे १८ च्या आसपास असतो, आणि दिवे गेले तर तेवढाही राहत नाही. रोहू, कटला अशी गोड्या पाण्यातली मासळी तर कच्ची खाऊच नये. गरोदर बाया, लहान मुले, वयस्कर आणि आजारी माणसे यांना कच्चा मासा देऊच नये.

मग चव सोडायची का? नाही. अर्धा किलो ताजी सुरमई काटे-कातडी काढून बोटाच्या पेराएवढी कापा. मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवा. तुकडा आतपर्यंत पांढरा होऊन पापुद्रे सुटले पाहिजेत. निथळून गार करा. आठ-दहा लिंबांचा रस, बारीक चिरलेला व धुतलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ घालून पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा. लगेच वाढा, उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. कच्च्या मासळीची सुरी व पाट साबणाने धुतल्याशिवाय कांदा-कोथिंबिरीला लावू नका.

परदेशी हॉटेलात हा पदार्थ मागवताना एक गोष्ट जरूर विचारा. काही ठिकाणी त्याच्या रसात ‘पिस्को’ नावाची द्राक्षाची दारू घालतात.

कोकणात आपण माशाला लिंबू-हळद-मीठ चोळतो आणि मग तवा तापवतो. घरातल्या बायांची ही जुनी रीत विज्ञानाच्या कसोटीलाही उतरते. मेहमानाला नवी चव जरूर द्या, पण आच दाखवून.