लोणावळा: थांब्यावर वसलेलं गाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा मजकूर. बोलताना मध्येच अडखळलो होतो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

मी लोणावळ्याचा. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, येणं-जाणं लोकलनं. ऑफिसात कोणी नवीन भेटलं की तीन प्रश्न ठरलेले. पहिला, "मग चिक्की फुकट मिळत असेल ना?" दुसरा, "भुशीला पाणी आहे का?" आणि तिसरा जरा बिचकत, "पण तिथं लोक राहतात?"

राहतात. 2011 च्या जनगणनेत सुमारे 57 हजार होते. भांगरवाडी, गवळीवाडा, तुंगार्ली, वलवण, नांगरगाव, रामनगर, हनुमान टेकडी अशा वस्त्या आहेत. ही माणसं इथं आली कशी? माझं उत्तर एका शब्दाचं आहे: थांबा. घाट चढून आलेल्याला थांबावंच लागतं, आणि थांबलेल्याची सोय करणाऱ्यांचं हे गाव झालं.

रेल्वेच्या आधी

हे थांबणं फार जुनं आहे. कार्ला आणि भाजे इथली लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. कोकणातल्या बंदरांमधून माल घाटावर यायचा त्या वाटेवर ती कोरली गेली. भिक्खू तिथं राहायचे आणि व्यापारी दान द्यायचे. कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा भूतपाल नावाचा शेठ आहे, आणि धेनुकाकटचे यवनसुद्धा. लोणावळा हे नाव 'लेण्यांची आवली' यावरूनच आलं असं आमच्याकडे सांगतात. त्याच चैत्याच्या दारात एकवीरा आई आहे आणि तिच्यासाठी मुंबई-रायगडचे कोळी-आगरी आजही घाट चढून येतात.

1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तेव्हा नाव होतं ते खंडाळ्याचं. लोणावळ्याचं नशीब फिरलं ते रेल्वेनं.

घाट बांधला कोणी?

1858 मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट बाकी होता. मुंबईहून येणारा माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीत किंवा घोड्यावर बसून वर यायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायचा.

दरम्यान डोंगरात काम चालू होतं. 25 बोगदे फोडायचे होते. एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते. कॉलरा, ताप, सुरुंगाचे अपघात यांत हजारो मेले. 1859 मध्ये मजुरीवरून मजुरांचा भडका उडाला आणि पहिल्या कंत्राटदारानं काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट सोडलं नाही. इंजिनिअर नेमून तिनं काम पुरं करून घेतलं, आणि एप्रिल 1863 मध्ये घाटातून गाडी धावली. अॅलिसचं नाव निदान इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. त्या मजुरांपैकी कोणाचं नाव तुम्हाला कुठं वाचल्याचं आठवतंय? मला नाही.

इंजिनासाठी वसलेलं गाव

बोरघाटाचा चढ आहे 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढं गेलात की 1 मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेल्वेसाठी हा चढ भयंकर आहे. म्हणून वर येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला ढकलत वर आणतात. खाली उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आधी तपासावे लागतात. घाटात कॅच सायडिंग आहेत. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढत्या फाट्यावर शिरून थांबते. आमच्या क्षेत्रातल्यांना गंमत वाटेल, पण तिथला सांधा मुळातच त्या फाट्याकडे वळवलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे आधी सिद्ध करायचं, मगच पुढचा रस्ता मिळतो. दीडशे वर्षांपूर्वीचा 'सेफ डिफॉल्ट' म्हणा ना!

एवढं सगळं सांभाळायला माणसं लागतात. जीआयपी रेल्वेनं लोणावळ्यात इंजिनांचा कारखाना काढला. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी, गँगमन आले. त्यांच्यासाठी क्वार्टर्स, शाळा, चर्च उभं राहिलं. 1877 मध्ये नगरपालिका झाली. माणसं आली तसा बाजार आला. गुळदाणीचं झालं चिक्की. आधी ती मजुरांचं पोटभरीचं खाणं होती, नंतर डब्यात बसून प्रवाशांच्या हातात गेली, असं जुने लोक सांगतात.

आणि भुशी डॅम? तो पर्यटनासाठी बांधलेलाच नाही. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून रेल्वेनं तो बांधला. तुम्ही ज्या पायऱ्यांवर बसून भिजता आणि मक्याचं कणीस खाता, ती इंजिनाच्या टाकीची सोय होती.

पाणीसुद्धा थांबवलं

पुढची गोष्ट त्याहून भारी आहे. इथला पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर जातो. इंद्रायणी इथूनच निघते आणि हे पाणी स्वभावतः पूर्वेला वाहतं: भीमा, कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. टाटांनी वलवण, लोणावळा, शिरोटा इथं ते अडवलं आणि नळांतून पश्चिमेला खोपोलीकडे सोडलं. पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पडणाऱ्या त्या पाण्यावर 1915 पासून वीज तयार होऊ लागली. ती गेली मुंबईच्या कापड गिरण्यांना. मावळात पडलेल्या पावसावर परळचे माग फिरले, आणि ते पाणी शेवटी अरबी समुद्राला मिळालं.

1929-30 मध्ये कल्याण-पुणे मार्ग विजेवर आला. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करावी लागायची ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं आणि इंजिनांची कोळसा-पाण्याची गरज संपली. पण तोवर गाव स्वतःच्या पायावर उभं राहिलं होतं. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं होतं, 1945 मध्ये नौदलाचं आयएनएस शिवाजी आलं. 1978 मध्ये पुण्याची लोकल सुरू झाली आणि माझ्यासारख्यांना घर न सोडता पुण्यात शिकता-कमावता आलं.

सक्तीचा थांबा, हौसेचा थांबा

एक्सप्रेस-वे 2002 मध्ये पूर्ण झाला. त्याआधी मुंबई-पुणे जाणारी प्रत्येक गाडी गावातून जायची. घाटात तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी ओतायला, चहा घ्यायला लोक थांबायचे. आता थांबायची गरज उरली नाही. खोपोली ते कुसगावच्या मिसिंग लिंकचा तर हेतूच वाहनांनी खंडाळा-लोणावळ्याचा घाट टाळावा असा आहे.

तरी गर्दी वाढलीच, कारण पूर्वी लोक नाइलाजानं थांबायचे, आता हौसेनं येतात. हा बदल गावाच्या स्वभावात उतरलाय. सोमवार ते गुरुवार बाजारात ओळखीचे चेहरे दिसतात, शुक्रवार संध्याकाळपासून अनोळखी. पावसाळ्यातल्या रविवारी भांगरवाडीतून दवाखान्यात जायचं तर आधी भुशीच्या ट्रॅफिकचा अंदाज घ्यावा लागतो. डोंगरउतारावर बंगले वाढतात आणि स्थानिक पोरांना भाड्याचं घर परवडेनासं होतं. वीकेंडच्या हिशेबानं ठरलेला भाव पगारदाराला कसा झेपणार?

पूर्वी थांबणाऱ्याला इथल्या माणसाची गरज असायची: खलाशाची, हमालाची, चहावाल्याची. त्यामुळं ओळख व्हायची. आता बंगला ॲपवर, जेवण ॲपवर, रस्ता मॅपवर. गावाशी बोलायची वेळच येत नाही. याची किंमत कधी कधी जिवानं मोजावी लागते. 30 जून 2024 ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी किती झपाट्यानं चढतं, हे इथल्या कुठल्याही कणीसवाल्याला माहीत असतं. फक्त त्याला विचारावं लागतं.

पर्यटक नकोत असं मी म्हणत नाहीये. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं त्यांच्यावरच चालली. म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी याल तेव्हा एखादा मंगळवार बघा. लोकलनं या. स्टेशनवर उतरून रेल्वे क्वार्टर्सच्या बाजूनं चक्कर मारा, बाजारात चहा घ्या, एखाद्या म्हाताऱ्या रिटायर्ड रेल्वेवाल्याला बँकरबद्दल विचारा. तो तासभर तुम्हाला सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमचं गाव किंवा तुमची गल्ली कशामुळे वसली, हे घरातल्या मोठ्यांना विचारून मला नक्की कळवा. निवडक उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या, आणि पावसात धबधब्याच्या धारेखाली जाऊ नका. भेटूच!