खोबरेल थिजतं तेव्हा

डिसेंबरातल्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती उन्हात ठेवायची, नाहीतर गरम पाण्यात. आंघोळीच्या घाईत आपण तिच्याकडे नीट पाहतही नाही. एखाद्या रविवारी चार-पाच वर्षांच्या पोराला शेजारी घेऊन पाहा.

आदल्या रात्री खिडकीत दोन वाट्या ठेवायच्या. एकीत खोबरेल, दुसरीत शेंगदाण्याचं तेल. सकाळी खोबरेल पांढरंशुभ्र थिजलेलं आणि शेंगदाण्याचं तसंच वाहतं! थंडी तर दोघांना सारखीच. पण खोबरेलाच्या रेणूंमधल्या बहुतेक साखळ्या सरळ असतात. गारवा आला की काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना खेटून बसतात. शेंगदाणा तेलातल्या बहुतेक साखळ्यांना बाक असतो, आणि वाकड्या काड्यांची पेटी कधी नीट भरत नाही. म्हणून पारा 24 अंशांखाली गेला की खोबरेल थिजू लागतं. पांढरा रंगही कुणी घातलेला नसतो. असंख्य बारीक स्फटिक उजेड चहूकडे उधळतात, तोच आपल्याला पांढरा दिसतो.

थिजलेला तुकडा पोराच्या तळहातावर ठेवा. तो पाघळतो आणि हात गार पडतो. वितळायला लागणारी उष्णता त्यानं त्या इवल्या हातातूनच घेतलेली असते.

माझा सगळ्यांत लाडका खेळ यापुढचा. एका पेल्यात वितळलेलं खोबरेल, दुसऱ्यात पाणी. तेलात थिजलेल्या तेलाचा गोळा सोडा, पाण्यात बर्फाचा खडा. गोळा तळाशी जातो, बर्फ मात्र तरंगतो. मुलं बर्फाला साधा समजतात, बुडणाऱ्या गोळ्यालाच हसतात. खरं तर जगावेगळा आहे तो बर्फ! बहुतेक पदार्थ थिजताना आक्रसतात. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, कारण त्याचे रेणू षटकोनी जाळी विणतात आणि तिच्यात पोकळी राहते. म्हणून कडाक्याच्या थंडीत श्रीनगरचं दल सरोवर वरून गोठतं. बर्फाच्या त्या झाकणाखाली पाणी पाणीच राहतं, आणि मासे जगतात.

हे सांगितलं तेव्हा माझी भाची पेल्याच्या तळाशी गेलेल्या गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग तेलाचं तळं असतं तर मासे कुठे गेले असते?"