धाप लागणारी मुलगी आळशी नसते

भीमजयंतीच्या कबड्डी सामन्यांसाठी आमच्या वस्तीतील मुली विहारामागच्या मैदानावर सराव करतात. त्यांतली नववीची एक मुलगी चढाईत पटाईत होती. पुढे मात्र दोन चढायांतच ती दमू लागली. ‘हिच्या अंगात आळस भरलाय,’ असे आम्हीच बोललो. तिच्या आईने सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घेतले, तेव्हा हिमोग्लोबिन निघाले ९. या वयात ते किमान १२ हवे. आमचे बोलणे आमच्याच जिव्हारी लागले.

हिमोग्लोबिन रक्तातून प्राणवायू वाहून नेते आणि ते तयार होण्यास लोह लागते. लोह कमी पडले की धाप लागते, पाय जड होतात, अभ्यासातही लक्ष लागत नाही. खेळाडूंचे थोडे लोह घामातून जाते. सतत धावल्याने तळपायात काही रक्तपेशीही फुटतात. त्यात मुलींना मासिक पाळी. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह हवे, मुलाला २२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या शंभरातील ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये हे प्रमाण ३१ होते.

आणि आपल्या घरात काय होते? कलेजीचा तुकडा आधी मुलाच्या ताटात पडतो. मुलगी आईबरोबर मागून जेवते, उरलेला रस्सा आणि भाकरी. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. मग हे मोजमाप ताटापासूनच सुरू का करू नये?

उपाय फार खर्चाचे नाहीत. कलेजी, मटण, मासळी यांतले लोह अंगी लवकर लागते. बाजरीची भाकरी, मटकी, हरभरे, पालेभाजी, आळीव यांतही लोह आहे. त्यावर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा, म्हणजे ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा नको. तासभर अंतर ठेवावे. शासनाच्या योजनेत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते. शाळेत किंवा अंगणवाडीत चौकशी करावी. गोळीने शौचास काळे होते, त्याला भिऊ नये. जंताचे औषधही वेळेवर द्यावे. मात्र रक्त कमी निघाले तर औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. मनाने गोळ्या वाढवू नयेत, आणि त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

देह कष्टवून, उपाशी ठेवून ज्ञान मिळत नाही, हे जाणून सिद्धार्थ गौतमाने सुजाताची खीर स्वीकारली. उपाशी देहाने मैदानही जिंकता येत नाही.

आमची ती मुलगी औषधाने आणि आईने वाढलेल्या पुरत्या ताटाने सावरली. आता पुन्हा चढाईला जाते. बंधुभगिनींनो, दमलेल्या मुलीला बोल लावण्याआधी तिचे रक्त तपासून घ्या.

जयभीम!